झोपू न देण्याचं काम

हे माझ्या तोंडून आजवर कधी बाहेर पडलेलं नाही. दोन पेग जास्त झाले तेव्हाही नाही, मलेरियाच्या तापात बरळत होतो तेव्हाही नाही — नसावं. पडलं असतं तर माझी बायको सुनंदा आज आतल्या खोलीत मटार सोलत बसलेली नसती. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुमचं-माझं काही नातं नाही म्हणून. ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगायची छाती नाही, एवढंच. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, आडवळणाने येईन. चिडू नका — किंवा चिडा, तुमची मर्जी.

उंदरांपासून सुरू करतो.

घोडबंदर रोडला आता टॉवरच टॉवर उभे आहेत. तेव्हा एवढे नव्हते. तिथे औषधांवर संशोधन करणाऱ्या एका खासगी संस्थेच्या प्राणीगृहात मी नोकरीला होतो. नाव सांगत नाही, कारण त्यांचा यात काडीचाही दोष नाही. प्राणिशास्त्राची पदवी, स्थिर हात, आणि रक्त बघून मळमळत नाही — एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी मिळाली होती. पिंजरे साफ ठेवायचे, पांढऱ्या उंदरांना खाणंपिणं द्यायचं, प्रयोगासाठी त्यांना हाताळायचं, आणि प्रयोग संपला की मारायचं. तपासायला रक्त हवं असायचं, म्हणून मान उडवावी लागे. त्याचं एक छोटं यंत्र असतं, पातं वरून खाली येतं. उंदराला अजिबात घाबरू न देता, एका झटक्यात. घाबरला तर त्या घाबरण्यानेच रक्तातली संप्रेरकं वाढतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. माझा हात इतका साफ होता की दुसऱ्या विभागातले लोक मला बोलावून न्यायचे. मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

तुम्हाला वाटेल, याला म्हातारपणी उंदरांचं पाप छळतंय. नाही हो. उंदरांसाठी मला एकदाही रडू आलेलं नाही.

प्रयोग झोपेचा होता. झोप तोडली की जनावराच्या अंगात ताणाची संप्रेरकं किती चढतात आणि ते किती भेदरट होतं, हे बघायचं. आमची आधीची पद्धत पाण्याची होती. टाकीत पाणी, मधोमध एक छोटा ठोकळा, ठोकळ्यावर उंदीर. गाढ झोप लागली की अंग सैल पडतं, उंदीर पाण्यात पडतो, धडपडत वर चढतो, पुन्हा पेंगतो, पुन्हा पडतो. पण त्यात एक गोम होती. संप्रेरकं वाढली ती झोप गेल्यामुळे की बुडायच्या भीतीमुळे? कसं ठरवणार? म्हणून प्रयोग चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी दुसरी पद्धत आणली. हातात मऊ केसांचा ब्रश घेऊन पिंजऱ्यापाशी बसायचं. उंदराचा डोळा लागतोय असं दिसलं की हलकेच ब्रश फिरवायचा. नाहीतर पिंजऱ्यावर नखाने टिचकी मारायची, खालचा भुसा जरा सारखा करायचा. बस. मारायचं नाही, भिजवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मॅडम म्हणायच्या, "आपण त्रास देतोय हे त्याला कळताच कामा नये. त्रास नको. फक्त झोप नको."

हे वाक्य मी फार लक्ष देऊन ऐकलं. नको तितकं लक्ष देऊन.

या कामाला नजर हवी. झोप यायच्या आधी उंदीर अंगाचा गोळा करतो, मिशा थरथरायच्या थांबतात, कान जरा मागे पडतात. तो एक क्षण असतो. त्याच्या आधी उठवलंत तर फायदा नाही, तो जागाच असतो. नंतर उठवलंत तर थोडी का होईना, झोप मिळून गेलेली असते. अगदी काठावर गाठायचं. मला ते जमलं. पुढे त्या उंदरांना एका उंच फळीवर सोडायचो — अधिकच्या चिन्हासारखी फळी, दोन बाजूंना भिंती, दोन बाजू उघड्या. धडधाकट उंदीर उघड्या बाजूलाही जातो, खाली डोकावतो, परत येतो. झोप तोडलेले बहुतेक भिंतीच्या आडच बसून राहायचे. सगळे नाही. काही उलट चवताळायचे. पिंजऱ्यात परत ठेवले की शेजारच्याला ओरबाडून रक्त काढायचे.

आणि एक गोष्ट तुम्हाला बहुधा माहीत नसेल — उंदीर रात्री जागा असतो. झोपतो तो दिवसा.

सुनंदाही दिवसाच झोपायची. कल्याणच्या एका हॉस्पिटलात ती नर्स होती आणि तिने कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. का? तर आमची गौरी तेव्हा पहिली-दुसरीत होती, सकाळची शाळा. ती दुपारी घरी आली की आई घरात हवी, गरम जेवण हवं, अभ्यासाला कुणीतरी शेजारी हवं — म्हणून. रात्रभर वॉर्डात उभं राहायचं, सकाळी टिटवाळ्याला घरी यायचं, आंघोळ करून आडवं व्हायचं, आणि गौरी यायच्या आत उठायचं. तेवढीच तिची झोप. पण गौरीच्या बाबतीत ती कशी होती म्हणून सांगू! मुलीच्या अंगावर साधं ओरडताना मी तिला ऐकलेलं नव्हतं. रात्रपाळी करून आलेली बाई पोरीच्या केसांना तेल लावत गाणी म्हणायची. मला त्याचाही राग यायचा. कशाचा नाही यायचा?

मी तिच्यावर हात उचलायचो. घ्या, हे एक झालं सांगून. पण हे ते नव्हे. याच्यासाठी मी एवढं लांबण लावलं नसतं. हात उचलणारे नवरे आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर होते. शेवटचं मारलं ते एका सकाळी. तिला यायला उशीर झाला होता. मी विचारलं, कुठे होतीस? ती चपला काढता काढता म्हणाली, "ड्यूटीवर. दुसरीकडे कुठे असणार?" शब्दांत काही नव्हतं. आवाजात होतं — मला घाबरत नसल्याचं. मी तिच्या कानाखाली अशी वाजवली की ती चपलांच्या रॅकवर पडली. ओठ फुटला. दात हलला. ती रडली नाही. उठली, बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं आणि फोनपाशी गेली.

त्याच रविवारी तिचा भाऊ प्रकाश डोंबिवलीहून आला. घरात आलाच नाही. मला खाली बोलावलं. सोसायटीच्या आवारात गाड्या धुणारी, भाजी घेऊन येणारी माणसं होती. त्याने माझी कॉलर धरली आणि सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. चष्मा उडाला. "ताईच्या अंगावर परत एक वळ दिसला ना, तर हात तोडून हातात देईन तुझ्या. कळलं काय?" मी चष्मा शोधत जमिनीवर बसलो होतो. एरवी मला 'भावोजी' म्हणणारा पोरगा तो. वर पाहिलं तर सुनंदा गॅलरीत उभी होती. तिचा चेहरा मोकळा दिसत होता, फार दिवसांनी मोकळा. तिला जीव जाईपर्यंत मारावं असं मला त्या वेळी वाटलं. लोखंडी सळई घेऊन. तिचीही आणि त्याचीही डोकी फोडावीत. हे मी वाढवून सांगत नाहीये.

पण वळ दिसता कामा नये.

समजलं ना, मी कुठे येतोय ते?

मी दुसरी पाळी मागून घेतली. मॅडमना बरंच वाटलं, दुपारनंतर ब्रश घेऊन बसायला कुणी तयार नसायचं. सुनंदाला म्हणालो, तू एकटी किती करशील, सकाळी मी घरी असतो, गौरीला शाळेत मीच सोडत जाईन. रात्री मी येईपर्यंत गौरी समोरच्या काकूंकडे झोपायची. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, थोबाडीत खाऊन नवरा सुधारला. काकूंनाही तसंच वाटलं. सुधारल्यासारखाच वागत होतो मी. तीच तर पद्धत होती.

ती सकाळी यायची, चहा घ्यायची, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर उघडून बसायचो. पेपर नावाला. मी तिचा हात बघायचो. उंदराच्या मिशा तशी तिची बोटं — झोप यायला लागली की उशीचा कोपरा धरलेली बोटं एकेक करून सुटायची. शेवटचं बोट सुटायच्या आत मी स्टीलच्या वाटीवर चमचा टेकवायचो. एकदाच. हलकेच. ती दचकायची. "काय गं, लागली नाही का झोप?" मी विचारायचो. पुन्हा बोटं सुटायला लागली की पंख्याचा वेग एक घर कमी. मग गरम होतं. मग पडदा जरासा सारायचा, ऊन तोंडावर येईल एवढाच. मग आतल्या खोलीतून, माझ्या मोबाइलवरून, घरच्या फोनची एकच रिंग. मग मी जवळ जाऊन तिच्या अंगावर चादर ओढायचो. कपाळावरून हात फिरवायचो. लग्नानंतर इतक्या मायेने मी तिला कधी हात लावलेला नव्हता. ती डोळे उघडून म्हणायची, "राहू दे हो, तुम्ही पडा जरा." आणि मी म्हणायचो, "तू झोप गं."

मी स्वतः मात्र छान झोपायचो. माझी झोप अपुरी होती, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, असलं काही मी तुम्हाला सांगू शकत नाही. कामावर उंदीर, घरी ती. पावसाळा संपत आला तेव्हा सुरू केलं आणि दिवाळीपर्यंत चालवलं. मध्ये कधी थांबावंसं वाटलं का? एकदा वाटलं. तिला ताप होता. त्या दिवशी मी तिला झोपू दिलं. पण दुसऱ्या दिवशी ती ताजीतवानी उठून स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती, ते ऐकलं आणि पुन्हा खुर्ची दारात ओढली.

फरक लवकर दिसायला लागला. कुकरची शिट्टी झाली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. दाराची बेल वाजली की छातीवर हात धरायची. वजन उतरलं. गॅलरीत जाणं तिने बंद केलं. कपडे वाळत घालायलाही मला सांगायची. घरात असली की फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या बोळीत पाट टाकून बसायची, तिथेच भाजी निवडायची. मी ते पाहिलं आणि मला काय वाटलं माहीत आहे? बरं वाटलं. प्रयोग बरोबर चालला की वाटतं तसं बरं वाटलं. फळीवरचे उंदीर मी रोज बघत होतो, भिंतीच्या आड बसणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या आत काय काय चढलेलं असेल, कोणतं संप्रेरक कशासाठी पाझरत असेल, कुठल्याही डॉक्टरच्या आधी ते मला माहीत होतं. अज्ञानाने केलं असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.

एका सकाळी ती उठून बसली. डोळे लाल. मला म्हणाली, "अहो, खरं सांगा हं. माझा डोळा लागतो तेव्हा काही वाजतं का हो घरात?"

बघा, तिने विचारलं होतं. सरळ, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं होतं. वाटी माझ्या खुर्चीखालीच होती. एवढं खरं बोललो असतो तरी सगळं तिथे थांबलं असतं. कदाचित तिने मला सोडलं असतं, प्रकाशने मारून अर्धमेलं केलं असतं — पण पुढचं झालं नसतं. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "नाही गं. काही नाही वाजत. तुला भास होतायत."

ती मान हलवत पुन्हा आडवी झाली. मग म्हणाली, "असेल. डोकंच बिघडलंय माझं." त्या दिवसापासून तिने स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायचं सोडलं.

आता दिवाळीच्या सुट्टीची सकाळ. इथपर्यंत यायचं मी टाळत होतो.

गौरीची शाळा बंद, म्हणजे ती घरात. मला वाटलं होतं, ती खाली खेळतेय. ती दाराआडून बघत होती. बाबा वाटीवर चमचा वाजवतात आणि आई टुणकन उठते — पोरीला तो खेळ वाटला. तिला गंमत वाटली. आणखी काय वाटणार? दुसऱ्या दिवशी सुनंदा ड्यूटीवरून आली ती झोपलीच नाही. पोरीला सुट्टी आहे, फराळाचं काहीच झालेलं नाही, म्हणून शंकरपाळे करायला उभी राहिली. गॅसवर कढईत तेल. ओट्यावर पोळपाट, हातात लाटणं. उभ्या उभ्या तिची मान पुढे लवत होती. गौरी हळूच मागून गेली. वाटी आणि चमचा घेऊन. टाचा उंचावून, अगदी कानाजवळ नेऊन तिने वाजवला. आणि खदखदून हसली — "उठ उठ आई!"

सुनंदा वळली ती लाटण्यासकट वळली. पहिला फटका भुवईवर. पोरीच्या तोंडावर एकदम रक्त आलं. दुसरा, तिने वर केलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, तो आवाज आला. गौरी खाली पडली आणि सुनंदा तिच्यावर वाकून मारतच राहिली, पाठीवर, खांद्यावर, "वाजवू नको! वाजवू नको! वाजवू नको!" तो आवाज बाईचा वाटत नव्हता. गौरी 'आई, आई' करत तिच्याच पायांना मिठी मारत होती.

आणि मी? मी दारात होतो. हात लांब केला असता तर लाटणं धरता आलं असतं. मी धरलं नाही. लगेच नाही. मी बघत होतो. सुनंदाचे ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांच्या बाहुल्या केवढाल्या झाल्या होत्या, श्वास गळ्यातच अडकत होता — हे सगळं मी नीट बघितलं. पोटच्या पोरीची किंकाळी ऐकत बघितलं. माझ्या मनात त्या वेळी आलेलं वाक्य मी इतकी वर्षं गिळून बसलो आहे. मनात आलं — आता सगळ्यांना दिसेल, ही कशी आहे ते.

मग मी धावलो. मग मी आरडाओरडा केला. समोरच्या काकू आल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? कोपऱ्यात रक्ताळलेलं लाटणं घेऊन थरथरणारी आई आणि पोरीला छातीशी धरून रडणारा बाप.

गौरीला कल्याणला सुनंदाच्याच हॉस्पिटलात नेलं. भुवईवर टाके, हाताला प्लास्टर. ज्या बायकांबरोबर सुनंदा रात्री जागून काढायची त्यांनीच गौरीला धरून ठेवलं, आणि त्यांच्यातली एकही नंतर सुनंदाशी नजरेला नजर देऊन बोलली नाही. डॉक्टरांना मी आधी म्हणालो, पडली. मग त्यांना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणालो, "तुमच्यापासून काय लपवू? मिसेसचं हल्ली असंच चाललंय. झोपत नाही. भास होतात म्हणते." माझ्या डोळ्यांत खरं पाणी होतं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकोला सांभाळून घेणारा माणूस म्हणून मी त्या दिवशी तिथून बाहेर पडलो.

प्रकाशही धावत आला. तो बहिणीकडे गेला नाही, माझ्याकडे आला. माझे दोन्ही हात धरले. "भावोजी, त्या दिवशी चारचौघांत मी तुमच्यावर हात टाकला. चुकलं माझं. ताई अशी झालीय हे आम्हाला काय माहीत?" सुनंदा पलीकडच्या बाकावर बसली होती. तिला ऐकू येत होतं. मी म्हणालो, "असू दे रे. घरातलीच गोष्ट आहे." यासाठीच केलं होतं ना सगळं? मिळालं. पुरेपूर मिळालं.

मग मी थांबलो. पहिली पाळी परत घेतली. सुनंदाला गोळ्या सुरू झाल्या, तिने रात्रपाळीच काय, नोकरीच सोडून दिली आणि ती झोपायला लागली. झोपणारच होती. वाटी वाजवणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. मीही तेच म्हणालो. गोळ्यांनी तिचे हात जड व्हायचे, जीभ अडखळायची, आणि न झालेल्या आजाराच्या त्या गोळ्या मी रोज तिच्या तळहातावर ठेवायचो. मी त्या बंद करवू शकत होतो. एका वाक्यात. वर्षामागून वर्षं गेली.

गौरी आईजवळ जायची बंद झाली. खरं तर सुनंदाच तिला जवळ येऊ देत नव्हती. पोरीच्या डोक्याला तेल लावायचं असलं तर मला हाक मारायची — "तुम्हीच घाला वेणी. माझ्या हाताचा भरवसा नाही." मी वेणी घालायला शिकलो. शाळेतल्या बाई कौतुक करायच्या, बाबांनी घातली का गं वेणी? गौरी पाळीपासून परीक्षेपर्यंत सगळं मला सांगायची. मुलगी माझी झाली. मला ते हवं होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. पण मी ते नाकारलं नाही, घेतलं. आई नावाची बाई त्याच दोन खोल्यांत पाहुण्यासारखी वावरत होती. गौरीने कधी चुकून वाटी आपटली की ती उठून गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची — स्वतःला बाहेर ठेवून.

हे तुमच्यासमोर मांडताना मला दिसतंय की मी सुनंदाला मारलं असतं तर बरं झालं असतं. वळ जातात. मी तिला तिच्याच नजरेत गुन्हेगार करून ठेवलं. ती देवासमोर हात जोडते तेव्हा काय मागते मला माहीत आहे. ओठ हलतात, वाचता येतात. ती माफी मागते. माझ्या देखत, माझ्या गुन्ह्याची, रोज सकाळी.

गौरीला यंदा मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ती टिटवाळ्याला आली नाही. घोडबंदरला तिच्या टॉवरमध्येच एक मावशी ठेवली. फोनवर मला म्हणाली, "बाबा, आईला वाईट वाटेल, पण मला नाही जमणार रे. मी झोपलेय आणि बाळ तिच्याजवळ आहे — नाही, नकोच." फोन स्पीकरवर होता. मी लगेच बंद केला, पण सुनंदाने ऐकलं होतं. ती म्हणाली, "तिचं बरोबर आहे." आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात भरायला लागली. तेव्हा तरी सांगायचं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. मी डब्याचं झाकण शोधून दिलं.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. बाळ रडत होतं, थांबेचना. सुनंदा पाळण्याच्या अगदी जवळ उभी होती. मी लांब, खिडकीपाशी होतो. गौरीने बाळ उचललं आणि आईला ओलांडून माझ्याकडे आली. "बाबा, घे ना जरा हिला, मी दूध बघते." सुनंदा दोन्ही हात पाठीमागे बांधून बाजूला सरकली, वाट करून दिली. मी बाळ घेतलं. खांद्यावर टाकलं. थोपटलं. काय सांगू, लगेच शांत झालं. मूठ उघडी पडली, श्वास लांब झाला, झोपलं.

"बघ," गौरी हसून म्हणाली, "बाबाकडे कशी एका मिनिटात झोपते!"

सुनंदाही हसली. तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की मी मान खाली घातली. "ह्यांच्या हातात आहेच ते," ती गौरीला म्हणाली. "माझं डोकं फिरलं होतं तेव्हा मलाही ह्यांनीच झोपवलं. नाहीतर मी वाचले नसते."

मी बाळाला थोपटत राहिलो.